पाणी बघायला गेलेली माणसे

फेब्रुवारी 2021 मधल्या एका बुधवारी, ॲमस्टरडॅममध्ये ब्राउवर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे दोन कालवे जिथे मिळतात तिथल्या पुलावर, एका अनोळखी आजींनी माझ्यापुढे आपले कोपर धरले. पूल या भागातल्या इतर पुलांसारखाच मधोमध उंच झालेला, आणि रविवारपासूनचा बर्फ माणसांनी व सायकलींनी दाबून दाबून निसरडा झालेला. कठड्याला नेहमीप्रमाणे ओळीने सायकली बांधलेल्या असल्यामुळे आधाराला धरायला काहीच उरले नव्हते. आजींच्या हातात भाजीची पिशवी होती आणि त्या चढाच्या अलीकडे बराच वेळ थांबलेल्या असाव्यात, कारण त्यांच्या टोपीवर झाडावरून गळलेला बर्फाचा भुगा साचला होता. “मला पलीकडे न्याल का?” असे त्यांनी विचारले. दीड मीटरचे अंतर राखण्याचे ते दिवस. मी क्षणभर घुटमळले, मग त्यांच्या हातात हात अडकवला. आम्ही बारीक पावले टाकत चढ चढलो. माथ्यावर त्या थांबल्या. दम लागला असेल असे मला वाटले, पण त्या खाली पाहत होत्या. कालव्यावर करड्या रंगाचा पातळ थर धरू लागला होता, पुलाखाली मात्र पाणी मोकळे होते आणि त्यात वारकरी पक्ष्यांची दाटी झाली होती. आजींनी विचारले, “धरेल का हा बर्फ?” मी म्हटले, “आज नाही. वारा पडला तर शनिवारपर्यंत धरेल.” त्यांनी मान डोलावली. पलीकडे उतार संपल्यावर हात सोडवून घेतला, आभार मानले आणि त्या आपल्या वाटेने गेल्या.

त्यानंतर मी तीन-चार तास शहरभर चालत होते आणि हा प्रसंग मनातून जात नव्हता. कोणाच्या तरी शरीराचे वजन आपल्या दंडावर पडण्याची सवय त्या हिवाळ्यात सुटलेली होती. घरी दिवसाला एकच पाहुणा, रात्री नऊनंतर संचारबंदी, कचेरी संगणकाच्या पडद्यावर, आणि मी एकटी राहणारी. त्या हाताची ऊब बराच वेळ जाणवत राहिली हे खरे. पण खरी खोलवर लागून राहिली ती गोष्ट दुसरीच होती. या शहरात अनोळखी माणसाशी बोलणे निघाले की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मी कुठची हा प्रश्न येतो. त्यात वाईट हेतू नसतो, बहुधा कुतूहलच असते, आणि तरीही प्रत्येक वेळी मी थोडी दाराबाहेर उभी केली जाते. आजींनी ते विचारले नाही. शेजाऱ्याला विचारावे तसे त्यांनी मला बर्फाबद्दल विचारले, आणि मीही, जणू जन्मापासून हे पाणी पाहत आले आहे अशा खात्रीने, उत्तर दिले. ही खात्री माझ्यात कुठून आली?

वादळ रविवारी, 7 तारखेला आले होते. हवामान खात्याने देशभर लाल इशारा दिला होता, रेल्वेगाड्या थांबल्या होत्या, ट्राम थांबल्या होत्या. दोन महिन्यांच्या टाळेबंदीनंतर प्राथमिक शाळा सोमवारी उघडायच्या होत्या, तर त्यातल्या कित्येक बर्फामुळे त्या दिवशी बंदच राहिल्या. बर्फही शांतपणे पडणारा नव्हता. पूर्वेकडून झोडपणाऱ्या वाऱ्याने तो आडवा उडत होता, त्यामुळे घरांच्या एका बाजूला ढीग लागले आणि दुसऱ्या बाजूच्या विटा कोरड्याच राहिल्या. मी बुधवारी बाहेर पडले तेव्हा आकाश निवळले होते आणि ऊन पडले होते, पण त्या उन्हात उष्णता नव्हती. श्वास घेतला की नाकाच्या आतले केस ताठ होतात, एवढी थंडी. आवाजांचे तर सगळे गणितच बदलले होते. या शहराचा नेहमीचा आवाज म्हणजे विटांच्या रस्त्यावर खडखडणाऱ्या सायकली, त्यांच्या घंटा, चाके लावलेल्या प्रवासी बॅगांची घरघर. पर्यटक कधीचेच नाहीसे झाले होते आणि उरलेले सगळे ताज्या बर्फाने शोषून घेतले होते. आपल्याच बुटांखाली दबणाऱ्या बर्फाची करकर तेवढी ऐकू येई, आणि दर पंधरा मिनिटांनी वेस्टरकेर्क या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा.

पुलांवर मुलांचे राज्य होते. एरवी सायकलस्वाराला दमवणारा तो चढ त्या आठवड्यात घसरगुंडीला उपयोगी पडला. माळ्यावरून काढलेल्या लाकडी घसरगाड्या, त्यांच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बर्फावर तांबूस रेघ ओढत जाई, आणि ज्यांना गाडी मिळाली नव्हती ती मुले प्लॅस्टिकचे घमेले घेऊन आली होती. आया-बाप अंतर राखून कडेला उभे होते, कागदी पेल्यातली कॉफी हातात धरून, कारण बसायला कुठे जागा उघडी नव्हती. दुकानांतून मागणी नोंदवून माल दारातून घेऊन जाण्याची मुभा नेमकी त्याच बुधवारपासून मिळाली होती, आणि एका खेळसाहित्याच्या दुकानापुढे लांब रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाला एकच वस्तू हवी होती, बर्फावर घसरण्याचे स्केट. एका वडिलांनी दारातच खोके उघडले, मुलीला पायरीवर बसवले आणि तिच्या पायात जोडा चढवून पाहिला. अंगठा पुढे टेकतो का हे चाचपताना त्यांनी हातमोजा दातांत धरला होता. कालव्यावर तेव्हा मांजराला तोलेल एवढाही बर्फ नव्हता.

हे लोक ज्याची वाट पाहत होते तो बर्फ आणि रविवारी पडलेला बर्फ हे एकमेकांचे वैरी आहेत, हे मला पहिल्या काही हिवाळ्यांत कळलेच नव्हते. वरून पडलेल्या भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते. तो कोवळ्या थरावर पसरला की खालच्या पाण्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि थर जाड होणे थांबते. म्हणून जाणती माणसे थंडीची वाट पाहतात, पण हिमवर्षावाची पाहत नाहीत. वारा जोरात असला तर पाणी हलत राहते आणि थर धरत नाही, तेव्हा वारा पडलेल्या, चांदण्या दिसणाऱ्या लागोपाठच्या रात्री हव्यात. पुलाखाली बर्फ सगळ्यांत शेवटी धरतो, कारण तिथे आडोसा असतो आणि उघड्या आकाशाकडे जाणारी ऊब अडते. पक्षी तिथेच का जमतात त्याचे कारण हे. एरवी कालव्यांचे पाणी मुद्दाम हलते ठेवले जाते, जलद्वारे उघडून आणि पूर्वेकडच्या झेबुर्ख पंपगृहातून ताजे पाणी आत लोटून. त्या आठवड्यात मात्र काही कालव्यांवर बोटींना बंदी घालण्यात आली आणि पाणी निवांत राहावे म्हणून जलद्वारे लावून घेण्यात आली. एखादी यंत्रणा केवळ आपल्या नागरिकांना खेळता यावे म्हणून पाणी स्थिर ठेवते, याचे मला फार अप्रूप वाटले होते आणि अजून वाटते. हे सगळे मला कोणी बसवून शिकवले नव्हते. रोज सकाळच्या बैठकीत कामाला हात घालण्यापूर्वी सहकाऱ्यांची दहा मिनिटे बर्फावरच जात. फ्रीसलंड प्रांतातली 11 शहरांची सुमारे 200 किलोमीटरची स्केटिंगची शर्यत 1997 नंतर झालेली नाही, तिला सलग 15 सेंटिमीटर जाडीचा बर्फ लागतो, आणि पारा उतरला की तिची चर्चा दर वर्षी नव्याने सुरू होते. शेजारचे गृहस्थ कालव्याच्या काठावरून खडा भिरकावून कान देत. पातळ बर्फावर खडा घसरला की किणकिणत दूर जाणारा एक विलक्षण आवाज येतो. थरातून उंच स्वर आधी धावतात आणि खालचे मागाहून पोहोचतात, म्हणून तो ध्वनी वरून खाली उतरत गेल्यासारखा ऐकू येतो. त्या आवाजावरून थराचा अंदाज बांधणारी माणसे इथे आहेत.

अशी माणसे मी आधीही पाहिलेली होती.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी घरोघरची माणसे पाणी बघायला जातात. पंचगंगा पात्राबाहेर पडली की घाटावरची देवळे एकेक करून बुडत जातात, कळसच वर राहतो, आणि शिवाजी पुलावर माणसांची रीघ लागते. मी लहान असताना बाबा मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. पुलावर छत्र्यांना छत्र्या लागलेल्या असत, रेनकोटांचा रबरी वास, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि खाली तांबडे, गढूळ, वेगाने सरकणारे पाणी. तिथे कोणीही कोणाशीही बोले. “किती झालं?” एवढेच विचारायचे, आणि उत्तर फुटांत मिळे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांबरोबरच ठाऊक होते. राधानगरीची स्वयंचलित दारे धरण भरले की आपोआप उघडतात, आणि त्यातली किती उघडली यावर पुढच्या रात्रीचा हिशेब मांडला जातो. बाबांच्या शेजारी उभे राहणारे म्हातारे 1989 सालच्या पाण्याच्या खुणा बोटाने दाखवत. सखल भागातल्या सुतारवाड्यातली माणसे सामान हलवू लागली की गंमत म्हणून आलेल्यांचे आवाज खाली येत. भीती आणि जत्रा एकाच पुलावर उभ्या असत, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नसे. ॲमस्टरडॅमच्या पुलावर आजींना दिलेल्या उत्तरात माझा आवाज कोणाचा होता हे मला चालता चालता हळूहळू उमगले. “वारा पडला तर” हे म्हणण्याची ढब बाबांची होती. ते म्हणत, “भोगावतीला पाऊस थांबला तर उतरंल.”

त्याच सकाळी मी एनहोर्न जलद्वारावरून आले होते. माझे घर तिथून जवळ, हार्लेमरडाइकवर. हा रस्ता म्हणजे मुळात समुद्राचे पाणी अडवणारा बांध. आज त्यावर दुकाने आहेत आणि समुद्र नजरेच्या टप्प्यात कुठे नाही. जलद्वाराच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराचा एक दगड बसवलेला आहे, त्यावर एक आडवी खाच आणि थोडी अक्षरे. योहानेस हुडे नावाचे गणिती या शहराचे महापौर असताना, 1680 च्या दशकात, शहराच्या जलद्वारांत असे 8 दगड बसवले गेले. मूळ जागी आता एवढाच उरला आहे. समुद्रबांधाची उंची शहराच्या पाणीपातळीपेक्षा 9 फूट 5 इंच, असे त्यावर कोरलेले आहे. या पातळीचेच पुढे ॲमस्टरडॅमची प्रमाण पातळी असे रूप झाले आणि युरोपातल्या अनेक देशांच्या उंच्या तिच्यावरून मोजल्या जाऊ लागल्या. कालव्यांचे पाणी आज तिच्याहून सुमारे 40 सेंटिमीटर खाली राखले जाते. मी या दगडासमोरून किती वेळा गेले असेन, पण त्या बुधवारी खाचेत बारीक बर्फ जाऊन बसल्यामुळे अक्षरांची एक ओळ उठून दिसत होती, आणि ती पाहताना मला राजाराम बंधाऱ्यावरची रंगवलेली मोजपट्टी आठवली. ज्या गावाला पाण्याशी जगायचे असते ते पाण्याच्या काठावर आकडे लिहून ठेवते.

प्रिन्सेनग्राख्तच्या काठाने दक्षिणेकडे जाताना बर्फाने एक गोष्ट सोपी केली होती. घरांचे वय वाचता येत होते. पायऱ्यापायऱ्यांचे दर्शनी माथे, मानेसारखे निमुळते होत गेलेले माथे, प्रत्येकाच्या कडेवर पांढरी रेघ, आणि माथ्यातून बाहेर आलेली तुळई, जिच्या आकड्याला दोर लावून आजही पलंग आणि कपाटे खिडकीतून आत घेतात, कारण जिने अरुंद. सामान चढवताना भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरे पुढे झुकती बांधलेली आहेत आणि लाकडी खांबांवर उभी आहेत; दाम चौकातल्या राजवाड्याखालीच असे 13,659 खांब आहेत. 263 क्रमांकाच्या घरापुढे, जिथे ॲन फ्रँकचे कुटुंब दोन वर्षे लपून राहिले, तिथे त्या दिवशी रांग नव्हती. तिथून थोड्या अंतरावर एका दारासमोर पदपथावरचा बर्फ हातभर जागेत कोणी तरी हाताने बाजूला केला होता. झाडू मारल्याच्या खुणा नव्हत्या, बोटांच्या होत्या. खाली पितळेचे चार छोटे चौकोन. इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, पकडून नेल्याची तारीख, मृत्यूचे ठिकाण. चौथ्यावरचे जन्मसाल पाहिल्यावर मी हिशेब केला नाही, पण तो आपोआप झाला. या देशातून 1 लाखाहून अधिक ज्यू माणसे नेऊन मारली गेली, त्यातली निम्म्याहून अधिक याच शहरातली. 1944-45 च्या हिवाळ्यात, ज्याला इथे भुकेचा हिवाळा म्हणतात, मागे राहिलेल्यांनी त्या रिकाम्या घरांच्या तुळया आणि जिने सरपणासाठी काढून नेले, ट्रामच्या रुळांमधल्या लाकडी ठोकळेही उपसून नेले, तरी देशाच्या पश्चिम भागात सुमारे 20,000 माणसे दगावली. आजींचे वय 80 च्या पुढे असावे. म्हणजे त्या हिवाळ्यात त्या लहान मूल असणार, आणि थंडी म्हणजे केवळ स्केटिंग नव्हे हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असणार. तरीही पुलाच्या माथ्यावर थांबून त्यांनी बर्फ धरेल का असे विचारले होते, तेही आशेने.

लेलीग्राख्तवरून वळून मी हेरेनग्राख्तवर आले. प्रिन्सेनग्राख्त, हेरेनग्राख्त आणि त्यांच्यामधला काइझर्सग्राख्त हे तिन्ही मोठे कालवे खणायला 1613 मध्ये सुरुवात झाली, आणि त्यांच्या काठावरच्या वाड्यांत मसाले, साखर आणि माणसे विकून आलेला पैसा आहे, हे बर्फाच्या पांढऱ्या आच्छादनाखालीही विसरता येत नाही. शहराच्या महापौरांनी गुलामगिरीतल्या शहराच्या सहभागाबद्दल त्याच वर्षी 1 जुलैला जाहीर माफी मागितली. याच कालव्यावर निकोलास विट्सेन राहत असत. हुडेंचे समकालीन, अनेकदा महापौर झालेले आणि जगभरच्या वस्तू जमवणारे गृहस्थ. त्यांच्या संग्रहातला, सुमारे 1686 चा, दख्खनमध्ये रंगवलेल्या व्यक्तिचित्रांचा एक चित्रसंच आज राईक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचे चित्र आहे. ते कागद सहसा दालनात मांडलेले नसतात, आणि त्या फेब्रुवारीत तर संग्रहालयच बंद होते. पण त्या वाड्यांसमोरून जाताना मला वेंगुर्ल्याची डच वखार आठवली. आंबोली घाट उतरून आम्ही समुद्रावर जायचो तेव्हा ती पडकी भिंत बाबा दाखवत. आत झाडे उगवलेली, दगडांतून मुळे उतरलेली, दमट हवेचा वास. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला डचांनी बांधलेल्या त्या वखारीत, या गोठत चाललेल्या काठावरून निघालेली माणसे कोकणातला आषाढ कशी काढत असतील, असा विचार त्या उणे तापमानात मनात आला. त्यांनाही कोणी तरी समुद्र कधी निवळेल असे विचारले असेल का?

संग्रहालय उघडे असते तर मी हेंड्रिक आवेरकाम्पचे चित्र पाहायला गेले असते. हा चित्रकार 1585 मध्ये याच शहरात जन्मला, कांपेनमध्ये वाढला, आणि तो मुका, बहुधा बहिराही होता. 1608 च्या सुमारास त्याने रंगवलेल्या गोठलेल्या पाण्याच्या चित्रात शेकडो माणसे आहेत. रेशमी कपड्यांतली जोडपी आहेत, लाकडाच्या मोळ्या ओढणारे आहेत, पालथी पडलेली आहेत, शौचाला बसलेलीसुद्धा आहेत. कोपऱ्यात एक मेलेले जनावर आहे आणि त्याच्यावर कुत्रा व कावळा तुटून पडले आहेत. ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती केवळ मजेची जत्रा वाटली होती. आता मला त्यात शिवाजी पुलावरची संध्याकाळ दिसते. ज्याला त्या गर्दीतला एक शब्दही बहुधा ऐकू येत नव्हता त्याने ती माणसे इतक्या आपुलकीने आणि एकही न वगळता पाहिली, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

गुरुवारी वारा उतरू लागला. शनिवारी बर्फाने धरले.

प्रिन्सेनग्राख्तवर त्या दिवशी दुपारी जे दिसले ते मी याआधी पाहिले नव्हते आणि पुन्हा दिसेल याची खात्री नाही. घरांच्या पायऱ्यांवर बसून माणसे नाड्या आवळत होती, काठावर लावलेल्या शिड्यांवरून उतरत होती. लहान मुले स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत तोल सावरत होती. स्केटच्या पात्यांचा खर्र खर्र आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून येत होता आणि अधूनमधून सगळ्या थरातून एक खोल हुंकार जाई. तेवढ्यापुरते सगळे थबकत आणि पुन्हा चालू लागत. काही ठिकाणी माणसे आत पडली, त्यांना दोर टाकून ओढून काढण्यात आले. मीही उतरले, साध्या बुटांनी. पाय टेकला तेव्हा खाली अडकलेले पिवळे पान, हवेचे पांढरे बुडबुडे आणि त्याखाली काळे पाणी दिसत होते. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. कालव्याच्या मधोमध उभे राहिल्यावर घरे एकदम उंच झाली, कारण नेहमी रस्त्यावरून पाहतो त्यापेक्षा आपण खाली आलेले असतो. शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी मला ओरडून सांगितले, “पुलापासून लांब राहा!” मी हात वर केला. ते मला माहीत होते. रविवारी वारा फिरला, बर्फावर पाणी चढले, आणि महिनाअखेरीस त्याच काठावर लोक कोट काढून उन्हात बसलेले होते.

त्याच वर्षी जुलैत दोन पूर आले. महिन्याच्या मध्यावर या देशाच्या दक्षिण टोकाला लिंबुर्गमध्ये नद्या गावात शिरल्या, आणि पुढच्या आठवड्यात पंचगंगा 56 फुटांवर गेली. लिंबुर्गच्या वेळी मी कचेरीत सहकाऱ्यांना पाणी ओसरायला किती दिवस लागतील याबद्दल काहीबाही सांगू शकले. कोल्हापूरच्या वेळी मला काहीच सांगता येईना. 2019 मध्येही असेच झाले होते, पण तेव्हा काळजीपुढे ते लक्षात आले नव्हते. मी फोनवर बाबांना विचारत होते, पाणी कुठवर येईल, आपल्या गल्लीत शिरेल का, किती दारे उघडली आहेत, आणि बाबा शांतपणे आकडे सांगत होते. ज्या पुलावर मी वाढले तिथे मी आता विचारणारी झाले होते. नवे बांधकाम, उंचावलेले रस्ते, नदीपात्राशेजारचे भराव यांमुळे पाणी पूर्वीच्या वाटेने येत नाही, हेही त्यांनीच सांगितले. पाण्याची ओळख काठावर उभे राहूनच होते आणि उभे राहणे थांबले की ती जुनी होत जाते. ते कबूल करणे मला जड गेले. एका शहराचे पाणी कळू लागल्याचा आनंद आणि दुसऱ्याचे कळेनासे झाल्याची टोचणी, दोन्ही एकाच वर्षी माझ्या वाट्याला आल्या, आणि त्यांची वजाबाकी होत नाही.

पुढे एका डिसेंबरात बाबा इथे आले. कालव्यांवर बर्फाचा मागमूस नव्हता, रिमझिम पाऊस होता. मी त्यांना राईक्सम्युझियम दाखवले, दाम चौक दाखवला. ते सगळ्याला छान म्हणत होते. एनहोर्न जलद्वारापाशी मात्र ते कठड्यावर वाकून उभेच राहिले. दगडावरची ओळ मी वाचून दाखवली. “नऊ फूट पाच इंच,” त्यांनी माझ्यामागून म्हटले. इथला जुना फूट 11 इंचांचा असे, एकूण उंची साधारण 2.68 मीटर भरते, हे सांगितल्यावर त्यांनी मनाशी हिशेब केला. मग विचारले, “आणि हितं इशारा पातळी किती म्हणायची?” मी त्यांना 1953 च्या पुराचे सांगितले, नैऋत्येच्या झीलंड प्रांताकडे समुद्र शहराच्या प्रमाण पातळीच्या 4.55 मीटर वर चढला होता आणि देशात 1,836 माणसे गेली होती. “म्हणजे पंधरा फूट,” ते म्हणाले. पाऊस वाढला होता, पण त्यांना तिथून हलायचे नव्हते. पलीकडून एक वयस्क गृहस्थ कुत्र्याला घेऊन येत होते, ते आम्हाला दगडाकडे पाहताना बघून थांबले. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, “त्यांना विचार की, आमच्या राधानगरीची दारं आपोआप उघडतात, हितली कोण उघडतंय?” मी विचारले. त्या गृहस्थांनी कुत्र्याचा पट्टा कठड्याला अडकवला, छत्री मिटली आणि हाताने जलद्वाराची दोन्ही टोके दाखवत ते सांगू लागले.